आमच्या लहान्याची कर्मशाळा, दीड वर्षानंतर

मागच्या महिन्यात दोघातिघांनी फोन करून विचारलं का तुमचा लहाना जाते ती कर्मशाळा (मोठ्या दिव्यांग पोरांना काम शिकवते ती) कशी आहे, आमच्या पोराले टाकू का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. नाव लिहीत नाही, कारण यात तक्रारीपण आहेत आणि माणसं मनानं चांगली आहेत. वरुड-मोर्शीकडचा संत्र्याचा पट्टा, एवढं समजून घ्या.

लहाना म्हणजे माझा धाकटा भाऊ, वय २४, सर्टिफिकेटवर बौद्धिक दिव्यांगत्व ७५ टक्के. १८ वर्षांपर्यंत विशेष शाळेत होता, मग शाळा संपली आणि पुढची चार वर्षं ओसरीतल्या बाजेवर. गावातले पोट्टे चिडवत म्हणून आईनं बाहेर पाठवणंच बंद केलं. शाळेत शिकलेलं शर्टाची बटणं लावणं, आपल्या हातानं आंघोळ करणं, एकेक करून सगळं विसरत गेला आणि आम्ही नुसते बघत राहिलो. परतवाड्याजवळ वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ते किती वर्षांपासून सांगून राहिले का अनाथ दिव्यांग पोरांना १८ पूर्ण झाले म्हणून बालगृहातून काढू नका. आमच्या लहान्याले तर घर होतं, मायबाप होते, तरी १८ नंतर त्याच्यासाठी दार बंदच झालं होतं.

मधात एका ठिकाणी सहा महिने टाकून पाहिलं होतं. तिथं अगरबत्ती आणि मेणबत्ती. दिवाळी झाली का मेणबत्तीचं काम बंद, मग पोरं दिवसभर सतरंजीवर बसून. त्यामुळे इथं येताना मी काहीच आशा ठेवली नव्हती.

पण इथल्या मॅडमनी पहिला महिना त्याला कोणतंच काम दिलं नाही. दोनदा घरी आल्या, आईजवळ चुलीपाशी बसल्या आणि विचारलं का हा सकाळपासून काय काय करते. आई सवयीनं सांगायला लागली, याले हे येत नाही, ते येत नाही. मॅडम म्हणाल्या, काकू, येते काय ते सांगा. आई लय वेळ गप्प बसली, मग म्हणे, झाडाले पाणी बरोबर टाकते बाप्पा, एकही झाड सोडत नाही. आणि मोठा आवाज झाला का कान झाकून बसते हेपण सांगितलं, म्हणून दालमिल आणि जिनिंग तिथंच बाद झालं. शेंदुरजनाघाटकडे संत्र्याच्या कलमांच्या नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, तर त्यांनी तिकडच्या एका मालकाशी बोलणं केलं.

काम काय तर पिशव्या भरणं. माती, रेती आणि शेणखत मिसळलेलं असते, ते पिशवीत भरायचं, पिशवी दोनदा जमिनीवर आपटायची म्हणजे माती बसते, वरून दोन बोटं जागा सोडायची आणि ओळीत ठेवायची. आपल्याले हे दोन मिनिटाचं काम वाटते पण मॅडमनी त्याचे अकरा टप्पे केले, प्रत्येक टप्प्याचा फोटो लहान्याच्याच हाताचा काढला आणि ते फोटो ओळीनं पुठ्ठ्यावर चिकटवले. मग त्या स्वतः तीन आठवडे नर्सरीत त्याच्यासोबत उभ्या राहिल्या, उन्हात. आधी हात धरून, मग नुसतं बोट दाखवून, मग काही न बोलता, मग लांब झाडाखाली बसून, मग आठवड्यातून एकदा चक्कर. मला या कर्मशाळेत सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, आणि तुम्ही दुसरीकडे कुठं जाल तर हेच विचारा का शिकवणारा माणूस कामाच्या जागेवर येते का. कारण आमचा लहाना एका खोलीत शिकलेलं दुसऱ्या खोलीत गेला का करत नाही, त्याले ते नवीनच वाटते. कर्मशाळेत शिकवून जा बाबा आता नर्सरीत असं म्हटलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी परत आला असता आणि सगळे म्हणाले असते का याले जमत नाही.

मोजणं त्याले दहाच्या पुढं येत नाही. त्यावर कर्मशाळेतल्या सरांनी लाकडी चौकट करून दिली, दहा बाय दहा पिशव्या मावतील एवढी. चौकट भरली का शंभर. आता त्या नर्सरीतल्या बायापण तशीच चौकट वापरून राहिल्या. पहिल्या दिवशी लहान्याच्या १८ पिशव्या झाल्या होत्या, आता अडीच चौकटी होतात, बरं वाटलं तर तीन.

मजुरीचं पण सांगते. मालक सुरुवातीले म्हणे का याले अर्धा भाव देतो. सर जाऊन बोलले, का पिशवी तेवढीच भरली तर पैसे तेवढेच. आता सगळ्यांसारखाच पिशवीमागं भाव मिळते. शनिवारी पैसे आणते आणि आईले म्हणते, "घे माय, माह्या कामाचे." ते पैसे दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही, माझ्याही नाही.

एसटीचं शिकवणंपण त्यांनीच केलं, मॅडम आठ दिवस सोबत बसून गेल्या. दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, कार्ड गळ्यात असते. पण एक दिवस रस्त्याच्या कामामुळे गाडी दुसरीकडून गेली आणि हा नेहमीच्या थांब्यावर दोन तास उभा होता, रडत. असं झालं तर काय करायचं हे शिकवलंच नव्हतं. ही चूक मी त्यांना तोंडावर सांगितली. आता कार्डाच्या मागं दोन फोन नंबर आहेत आणि ते कार्ड शेजारच्या पानठेल्यावर दाखवायचं हे त्याच्याकडून दहावेळा करून घेतलं.

कागदाच्या कामात मात्र मदत कमी पडते. यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) त्यांनी काढून दिलं, निरामय विम्याचा (एक लाखापर्यंतचा असते) फॉर्मपण भरला. पण १८ च्या वर कायदेशीर पालकत्व घ्यावं लागू शकते, ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून मिळते, हे आम्हाले बँकेनं खातं उघडायले नाही म्हटल्यावर कळलं. पाच चकरा झाल्या. आईबाप आहेत तर पालक आम्हीच ना, असं आमच्या बाबांना वाटत होतं, आणि गावात सगळ्यांनाच तसं वाटते. पहिल्याच दिवशी सांगायले पाहिजे होतं.

दुसरी तक्रार मुलींची. वीस जणांत मुली फक्त तीन. मायबाप पाठवत नाहीत कारण गाडी गावापर्यंत येत नाही, फाट्यापासून दोन किलोमीटर चालावं लागते, आणि ती भीती खोटी नाही. आमच्या शेजारची एक पोरगी लहान्यापेक्षा हुशार आहे, बोलते, पोळ्या लाटते, आणि घरात बसून आहे. गाडी गावात आणा हे मी तीन मीटिंगमध्ये बोलली, अजून काही झालं नाही. मी बोलणं सोडणार नाही.

सरकारी नोकरीचं विचारता म्हणून सांगते, २०१६ च्या कायद्यात दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का बौद्धिक दिव्यांग, ऑटिझम, मानसिक आजार वगैरे सगळ्यांत मिळून. त्याच्या भरवशावर पोराला घरी बसवून ठेवू नका.

आता पावसाळ्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये माती ओली राहते, पिशव्या भरणं बंद. मागच्या वर्षी त्या दोन महिन्यांत लहाना घरी राहिला आणि परत गेला तेव्हा पिशवी आपटायचंच विसरला होता, पुठ्ठा पुन्हा काढावा लागला. यंदा मॅडमनी गांडूळखत करणाऱ्या एका ताईंशी बोलणं लावलं आहे, खत शेडमध्येच चाळायचं असते, पावसाचा प्रश्न नाही, आणि चाळणीचा आवाजपण कमी. परवा त्याला नुसतं बघायला नेलं होतं. घरी आला आणि आईची पिठाची चाळणी घेऊन ओसरीत बसला. जमलं का नाही ते पोळ्यानंतर इथंच लिहीन.