फिक्स गन, सेटिंगवाली गन की थर्मोकपल: काय घ्यावं?

टेम्परेचर गन घ्यायची असेल तर किंमत बघायच्या आधी तुम्ही मोजणार काय आहात ते ठरवा, कारण एमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःचे उष्णतेचे किरण किती सोडतो त्याचा ० ते १ मधला आकडा) ०.९५ वर फिक्स असलेली स्वस्त गन आणि तो आकडा बदलता येणारी महाग गन यांच्यात काही ठिकाणी काहीच फरक पडत नाही आणि चकचकीत धातूवर दोन्ही फसवतात.

मी घरी करून बघितलंय. स्टीलच्या डब्याला बाहेरून काळी इन्सुलेशन टेप नीट दाबून चिकटवली, उकळतं पाणी ओतलं, दोन मिनिटं थांबलो. टेपवर गन धरली तर ८८, तिच्या शेजारी बोटभर अंतरावर उघड्या स्टीलवर ४४! डबा तोच, पाणी तेच. गन उष्णता थेट मोजत नाही, पृष्ठभागातून येणारे इन्फ्रारेड किरण मोजते, आणि गुळगुळीत स्टील स्वतःचे किरण कमी सोडतं आणि खोलीतले जास्त परत फेकतं, म्हणजे निम्म्याहून अधिक तुम्ही भिंतीचंच तापमान वाचताय.

मग सेटिंगवाली गन घेऊन ०.२ लावलं की झालं ना? इथेच लोक फसतात. त्या डब्याचा हिशोब केला तर ०.२ ला ९० येतं, ०.१५ ला १०५ आणि ०.२५ ला ८०. एवढ्याशा फरकाने २५ अंश इकडेतिकडे, आणि तुमच्या स्टीलचा खरा आकडा सांगणार कोण? पॉलिश, ओरखडे, तेलाचा हात, सगळ्याने तो बदलतो. चार्टमधला आकडा तिथे विश्वासाचा नाही.

सेटिंगचा खरा उपयोग मधल्या पृष्ठभागांवर, म्हणजे गंजलेलं लोखंड, काळवंडलेलं तांबं, ०.६ ते ०.८ वाले. तिथे आकडा थोडा चुकला तरी रीडिंग फार हलत नाही. रोज असली कामं असतील तर जास्तीचे पैसे द्या, वसूल होतात.

रंग दिलेली मोटर, भिंत, रबर, लाकूड, पाणी, तेल लावून मुरवलेला बिडाचा तवा, यांना फिक्सवाली पुरे. आणि पांढरा रंग असो की काळा, या गन ज्या ८ ते १४ मायक्रॉनमध्ये बघतात तिथे दोन्ही ०.९ च्या आसपासच असतात, त्यामुळे डोळ्याला दिसणाऱ्या रंगावरून सेटिंग बदलू नका.

थर्मोकपल म्हणजे टोक टेकवून तापमान मोजणारी तार, तो के टाइपवाला घ्या, पृष्ठभाग कसा दिसतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण टोक नीट टेकलं पाहिजे, वेळ लागतो, फिरत्या शाफ्टला लावता येत नाही, आणि चालू बसबारला (पॅनेलमधली वीज वाहणारी धातूची पट्टी) तर लावायचाच नाही. बसबारवर टेप किंवा मॅट रंगाचा ठिपका लावायचा तो शटडाऊनमध्येच, सप्लाय बंद आहे हे तपासून, घाईत कुणी हात घालू नका हो. आणि साधी टेप ८०-९० अंशांपर्यंतच धरा, त्यापुढे सायलेन्सरला मारतात तो हीटवाला मॅट काळा स्प्रे.

माझं मत विचाराल तर बहुतेकांनी फिक्सवाली गन आणि टेपचं एक रोल घ्यावं. उरलेल्या पैशात साधा थर्मोकपल येत असेल तर तोही घ्या, महाग गनपेक्षा तो जास्त कामाला येईल. एक मात्र, १२:१ ची गन असेल तर १२ सेंटीमीटरवरून ती १ सेंटीमीटरचा गोल बघते, टेपचा तुकडा त्याहून मोठाच कापा, नाहीतर कडेचं स्टीलही मोजलं जातं.