शिकागोचा हॉट डॉग की डेट्रॉइटचा कोनी?

दोन्ही शहरांत मी काही वर्षे राहिलो असल्यामुळे ओळखीचे लोक तिकडे जायला निघाले की हा प्रश्न मला हमखास विचारतात. जे बीफ खात नाहीत त्यांच्यासाठी उत्तर सोपे आहे: शाकाहारी सॉसेज मिळाले तर शिकागोची बाकीची सगळी मांडणी त्यावर तशीच चढते, कोनीचा, म्हणजे डेट्रॉइटच्या हॉट डॉगचा, जीव मात्र वरच्या चिलीत, म्हणजे मांसाच्या मसालेदार रश्श्यातच असतो. उरलेल्यांनी थोडा विचार करावा.

कागदावर शिकागोचे पारडे निःसंशय जड आहे. खसखस लावलेला वाफवलेला पाव, पिवळी मोहरी, डोळ्यांत भरणारे हिरवेगार रेलिश (बारीक चिरलेल्या काकडीचे गोडसर लोणचे), कच्चा कांदा, टोमॅटोच्या फोडी, खारवलेल्या काकडीची लांब फाक, तिखट मिरच्या आणि वरून सेलरीचे मीठ. त्यावर केचप घालायचे नाही, या शिकागोकरांच्या हट्टावरून होणारा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही, कारण टोमॅटो आणि गोड रेलिश असताना त्याची उणीव भासतच नाही.

माझी अडचण त्या काकडीच्या फाकेची आहे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, बसायला जागा नसलेल्या एका टपरीवर मी पहिला घास घेतला, तेव्हा दातांत अडकलेली ती फाक अख्खीच बाहेर आली, तिच्यामागोमाग टोमॅटोच्या दोन फोडी कोटाच्या बाहीवर पडल्या आणि उरलेल्या पावात सॉसेज आणि थोडी मोहरी एवढेच राहिले. पुढे अनेक ठिकाणी खाल्ले, पण सगळ्या चवी शेवटच्या घासापर्यंत टिकल्या, असे फार क्वचित घडले. शिकागोलगतच्या रिव्हर ग्रोव्हमधल्या १९४६ पासूनच्या ‘जीन अँड ज्यूड्स’मध्ये काकडी आणि टोमॅटो घालतच नाहीत, वर बटाट्याचे गरम काप रचतात, शिकागोच्या बाजूने मला सर्वांत पटलेला युक्तिवाद तोच आहे, अर्थात तिथेही उभ्यानेच खावे लागते.

कोनीचे नाव न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या किनाऱ्याचे असले तरी डेट्रॉइटमध्ये तो रुजवला तो ग्रीक स्थलांतरितांनी. १९१७ पासूनचे ‘अमेरिकन’ आणि त्याच्या शेजारचे ‘लाफायेट’ ही दोन जुन्या उपाहारगृहांची नावे तिथे सगळ्यांच्या तोंडी असतात. सॉसेजवर राजमा नसलेली पातळसर चिली, मोहरी आणि बारीक चिरलेला कांदा, एवढाच काय तो थाट. पण सगळेच बारीक असल्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या घासात फरक पडत नाही, आणि सॉसेजचे आवरण दाताखाली टचकन तुटते ते प्रत्येक वेळी. शिवाय कोनी मिळतो ते बहुधा बसून जेवायचे डायनर असते. बाहेर बर्फ पडत असताना तिथे लिंबू पिळलेले भाताचे सूप आणि बीट घातलेले ग्रीक सॅलड मिळते, आणि ही सोबत मला मुख्य पदार्थाइतकीच मोलाची वाटते. डेट्रॉइटच्याच मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावात चिलीऐवजी कोरडा, सुटा खिमा घालतात. ज्यांना ओला पाव आवडत नाही त्यांनी तिकडे अवश्य वळावे.

आवड ज्याची त्याची, आणि उन्हाळ्यात, उघड्यावर, हाताशी भरपूर कागदी रुमाल असतील तर कदाचित मीही शिकागोच निवडेन. पण एकच संधी असेल तर मी डेट्रॉइटला जाईन. तिथे दोन कोनी खायचे असले तरी एकदम मागवू नयेत. पहिला संपत आला की दुसरा सांगावा, कारण बशीत थांबलेला पाव चिलीने पाच मिनिटांत भिजतो आणि मग काट्याशिवाय उचलता येत नाही.