चे गव्हेरावरचा एकच सिनेमा बघायचा असेल तर कुठला?

टी-शर्टवरचा चे, क्यूबाच्या क्रांतीत फिडेल कास्ट्रोच्या साथीने लढलेला अर्जेंटिनाचा क्रांतिकारक, सगळ्यांना ठाऊक असतो. त्यापलीकडचा माणूस सिनेमात शोधायचा तर खरी निवड स्टीव्हन सोडरबर्गच्या २००८ सालच्या ‘चे’च्या दोन भागांतच आहे. दोन्ही सव्वादोन-सव्वादोन तासांचे आणि दोन्हींत चे झालाय बेनिसिओ देल तोरो. या भूमिकेसाठी त्याला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता. संवाद बहुतांशी स्पॅनिश आहेत, त्यामुळे सबटायटल वाचायचा कंटाळा असेल तर दोन्हींचा नाद सोडा.

पहिला भाग क्यूबाचा, म्हणजे जिंकलेल्या लढाईचा. ग्रानमा बोटीतून क्यूबात उतरलेली कास्ट्रोची मूठभर माणसं, सिएरा माएस्त्रा डोंगरातलं जंगल आणि १९५८च्या डिसेंबरात सांता क्लारा शहराची लढाई. मधूनमधून १९६४चं न्यूयॉर्क येतं, कृष्णधवल, संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणासकट. त्यामुळे चेच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला आयतं कळत राहतं. चौकट रुंद, कॅमेरा बराचसा स्थिर, हिरवळ भरपूर. शेवटाकडे हवानाच्या वाटेवर एक बंडखोर ढापलेल्या मोटारीतून मजेत निघालेला असतो. चे त्याला अडवतो आणि गाडी जिथून आणली तिथे परत करायला पिटाळतो. जिंकल्याच्या धुंदीतही या माणसाची मास्तरकी सुटत नाही!

दुसरा भाग बोलिव्हियाचा. १९६६च्या नोव्हेंबरात टक्कल करून, चश्मा लावून, उरुग्वेचा व्यापारी बनून चे तिथे पोचतो आणि ११ महिन्यांत संपतो. इथे न्यूयॉर्कचं भाषण नाही, काळात मागे-पुढे उड्या जवळजवळ नाहीत. पडद्यावर फक्त मोहिमेचा कितवा दिवस ते उमटतं. चौकट अरुंद होते, रंग विटतात, कॅमेरा हातात येतो. औषधं संपतात, दमा वाढतो, भूक वाढते. अडून बसलेल्या घोड्यावर चेचा राग निघतो तो प्रसंग बघवत नाही, पण पराभव आतून कसा दिसतो हे त्याहून नेमकं मी पडद्यावर पाहिलेलं नाही.

मात्र हा भाग काही समजावून सांगायच्या फंदात पडत नाही, म्हणून थोडं आधीच माहीत असलेलं बरं. बोलिव्हियात १९५२च्या क्रांतीनंतर जमीनवाटप झालेलं होतं, त्यामुळे क्यूबातल्यासारखा जमिनीसाठी पेटलेला शेतकरी तिथे नव्हता. तुकडी क्वेचुआ शिकत बसली आणि त्या भागात लोक बोलत होते ग्वारानी. कम्युनिस्ट पक्षाच्या मारिओ मोंखेला नेतृत्व स्वतःकडे हवं होतं, ते मिळेना तेव्हा पक्षाने अंग काढून घेतलं. गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्याला मावळ्यांचा मुलूख त्यांच्याच पायाखालचा होता हे सांगावं लागत नाही. इथे एकही स्थानिक शेतकरी तुकडीत सामील झाला नाही. उलट एकाने सैन्याला खबर दिली आणि ३१ ऑगस्ट १९६७ला पिछाडीची तुकडी नदी ओलांडताना कापली गेली. तो प्रसंग सोडरबर्ग कसलाही गाजावाजा न करता दाखवतो. आपल्याला दबा धरलेले सैनिक आधीच माहीत असतात आणि पाण्यात उतरणाऱ्यांना ते माहीत नसतं.

संपूर्ण सिनेमाभर कॅमेरा चेपासून अंतर राखून असतो. बोलिव्हियातल्या ला हिगेरा गावच्या शाळेत, ९ ऑक्टोबरला, पकडलेल्या चेवर गोळ्या झाडल्या जातात त्या क्षणी मात्र तो एकदम चेच्या डोळ्यांत शिरतो. हा हिशेब मला पटला.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. मॅट डेमन दोन मिनिटांपुरता पाद्री म्हणून येतो आणि सगळा भास मोडतो. तुकडीतली एकमेव स्त्री, तानिया, अगदीच पुसट राहते. सर्वांत मोठी गोम अशी की, १९५९मध्ये हवानाच्या ला काबान्या किल्ल्यात चेच्या देखरेखीखाली झालेले मृत्युदंड आणि १९६५चं काँगोतलं अपयश हे दोन्ही बरोबर दोन भागांच्या मधल्या फटीत गडप झालं आहे. चेचा न्यायनिवाडा करायच्या इराद्याने बसलात तर हात हलवत उठाल.

घरात कॉलेजातली मुलं असतील, बंदुका नको असतील, तर वॉल्टर सालेसचा २००४चा ‘द मोटरसायकल डायरीज’ लावा. १९५२चा प्रवास, खटारा नॉर्टन, गाएल गार्सिया बर्नाल. गोड आहे, पण त्यात क्रांतिकारक अजून जन्मायचाय. ओमर शरीफवाला १९६९चा ‘चे!’ बघितला नाही तरी काही बिघडत नाही.

माझं मत दुसऱ्या भागाला. क्यूबाच्या क्रांतीबद्दल काहीच वाचलेलं नसेल तरच पहिल्यापासून सुरुवात करा. दोन्ही बघणार असाल तर मध्ये एखादा दिवस जाऊ द्या. सलग साडेचार तास बसलात तर दुसऱ्या भागाचा संथपणा अंगावर येतो आणि दोष उगाच सिनेमाच्या माथी जातो.