शिक्षकांची ताणतपासणी : प्रश्नावली चोख, लाळेची चाचणी अवेळी

रत्नागिरीतील एका खासगी समुपदेशन केंद्रात शिक्षकांसाठी ताणतपासणीची सोय आहे. राजापूर तालुक्यातील आम्ही काही प्राथमिक शिक्षकांनी ती करून घेतली.

मानसिक तपासणी उत्तम होते. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांच्या ताणमापन श्रेणीतील १० प्रश्न गेल्या महिनाभराविषयी असतात आणि गुण ० ते ४० यांदरम्यान येतात. त्यांतील चार प्रश्नांचे गुण उलटे धरायचे असतात, हे समुपदेशक बाईंनी आधीच समजावून सांगितले. कामामुळे येणारा शीण मोजणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मास्लाक यांच्या प्रश्नावलीत भावनिक थकवा, मुलांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडते आहे ही भावना, अशा तिन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या जातात. गुण कळले तरी कारण कळत नाही, म्हणून बाईंनी प्रत्येकाला दिवसाचा क्रम विचारला. द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बैठकीला गेला की दुसऱ्याने सगळे वर्ग एकत्र बसवायचे, मध्येच पोषण आहाराची नोंद करायची आणि रेंज मिळेल तिथे उभे राहून ऑनलाइन माहिती भरायची, हे सारे त्यांनी शांतपणे लिहून घेतले. आमचे इतके नीट कोणी ऐकून घेतल्याचे मला आठवत नाही.

रक्तदाबही पाच मिनिटे स्वस्थ बसवून, पाठीला आधार देऊन, दोनदा मोजला. लाळेतील कॉर्टिसोलच्या, म्हणजे ताणात वाढणाऱ्या संप्रेरकाच्या, चाचणीबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. हे संप्रेरक जाग आल्यानंतर साधारण ३० ते ४५ मिनिटांत सर्वाधिक असते आणि मग दिवसभर उतरत जाते; त्यामुळे घरीच, ठरावीक वेळांना, एकाहून अधिक दिवस नमुने घ्यावे लागतात. इथे दुपारी एकच नमुना घेऊन अहवालावर ‘सामान्य’ असा शेरा मारला. झोप उडालेल्या माझ्या एका सहकारी बाईंनी त्या शेऱ्यावर विसंबून पुढचे समुपदेशन रद्द केले, याचे मला फार वाईट वाटते.

लाळेच्या नमुन्यासाठीच्या नळ्या केंद्र घरी नेऊ देईपर्यंत या चाचणीवर पैसे घालवू नयेत. प्रश्नावली आणि समुपदेशन जरूर घ्यावे, पण केंद्र सवलत देते म्हणून मे महिन्यात जाऊ नये. प्रश्न गेल्या महिन्याचे असल्याने सुट्टीत गुण कमीच दिसण्याची शक्यता आहे. त्यापेक्षा शाळा पुरत्या भरात असताना, ऑगस्टमध्ये, जावे.