पाल तोलणारा काटा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जूनमध्ये बेळगावात खडेबाजारातून मी खिशात मावणारा डिजिटल काटा घेतला. किंमत ४८० रुपये. २०० ग्रॅमपर्यंत तोलतो, ०.०१ ग्रॅमचा फरक दाखवतो, दोन बारीक सेलवर चालतो. दुकानदाराने विचारलं, "बाई, सोन्याला पायजे काय?" म्हटलं, पालीला. त्याने हातातला नग बाजूला ठेवला आणि आतून दुसरा आणला. "मग ह्यो घ्या की. झाकण खोल हाय. डबी ठेवली तरी वारं लागत न्हाई." त्या सल्ल्यासाठी मी त्याची आजही आभारी आहे. आधी ऑनलाइन मागवलेल्या काट्याला झाकणच नव्हतं आणि पंखा सुरू असला की आकडा नाचायचा.

खानापुरात आमचं घर जुनं, मंगळुरी कौलांचं. एकतीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवलं. पालीच्या पोटातली अंडी कातडीतून दिसतात हे मुलांना दरवर्षी सांगत आले, पण ती अंडी तिला केवढ्याला पडतात हे मी स्वतः कधी मोजलं नव्हतं. काटा घेतला तो त्यासाठी.

आधी काट्याबद्दल. तो खरा आहे का हे बघायला मी २०११ ते २०१८ मधलं एक रुपयाचं नाणं वापरते. नवं कोरं नाणं ३.७९ ग्रॅम भरायला हवं. माझा काटा ३.७९ किंवा ३.८० दाखवतो. भर पावसात, जुलैच्या दमटीत, तो ३.८४पर्यंत चढायचा. तेव्हा रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवायचा आणि सकाळी नाणं ठेवून पुन्हा बघायचं. साठ सेकंदांनी आपोआप बंद होतो, हा खरा त्रास. डबी ठेवून आकडा शून्य केला आणि पाल धरायला गेलं, की परत येईपर्यंत पडदा काळा. म्हणून रिकाम्या डबीचं वजन मी वहीत लिहूनच ठेवलंय, वजाबाकी हाताने करते.

पाल हाताने धरायची नाही. पहाटे ती गारठून भिंतीला चिकटलेली असते, तेव्हा पारदर्शक डबी वरून अलगद टेकवायची, खालून जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सरकवायचा. तोलून एका मिनिटात त्याच भिंतीवर सोडायची. शेपटीला बोट लावायचं नाही, का ते पुढे येतंच.

आमच्या स्वयंपाकघरात एक मादी आहे, डाव्या मागच्या पायाचं एक बोट नाही, त्यावरून ओळखू येते. जुलैत तिच्या गळ्याच्या दोन्ही बाजू पांढऱ्या फुगल्या. नातवाला वाटलं गालगुंड झालं. तो चुना असतो, अंड्यांच्या टणक कवचासाठी साठवलेला. तेव्हा तिचं वजन ४.५८ ग्रॅम. चार दिवसांनी मीटरच्या फळीमागे दोन अंडी सापडली: ०.४६ आणि ०.४७. ती स्वतः ३.५८. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. साठ किलोच्या बाईने पंधरा किलोचं बाळ जन्माला घालण्यासारखं आहे हे. आणि ते पोटात घेऊन ती छपराला उलटी धावत होती, बोक्याच्या डोळ्यांदेखत. (अंडी तोलायची तर पहिल्याच दिवशी, वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करून, तशीच परत ठेवायची. नंतर उलटली तर आतला जीव मरू शकतो.)

परसातला सरडा जमिनीत खड्डा करून एका वेळी दहा-वीस अंडी घालतो. पाल मात्र कितीही खाल्लं तरी दोनच घालते. तिला संख्या वाढवता येत नाही. तिच्या हातात दोनच गोष्टी: अंडं केवढं करायचं आणि पुढची जोडी किती दिवसांनी. अंग ऊबदार ठेवायला ती अन्न जाळत नाही, म्हणून तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या सुमारे दहाव्या हिश्शात तिचं भागतं. पण जे मिळतं ते एकदाच खर्च होतं. वाढीत घातलं तर अंड्यात नाही, अंड्यात घातलं तर शेपटीत नाही. मादागास्करमधल्या एका घोयऱ्या सरड्याने तर टोकच गाठलंय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तो वर्षातले आठ-नऊ महिने अंड्यातच असतो, बाहेर चार-पाच महिने. तेवढ्यात वाढायचं, अंडी द्यायची आणि संपायचं.

दिवाळीत बोक्याने तिची शेपटी तोडली. तुटलेली शेपटी मी लगेच तोलली: ०.४१ ग्रॅम. जवळजवळ एका अंड्याएवढी! शेपटी म्हणजे चरबीची कोठी, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेन, पण काट्यावर बघितल्यावर माझ्या पोटात कालवलं. जीव वाचवायला तिने कोठीच टाकून दिली होती. पुढे नवी शेपटी आली, आत मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असलेली. त्या चार महिन्यांत तिने अंडी घातली नाहीत. थंडीमुळेही असेल. पण शेपटी शाबूत असलेल्या दुसऱ्या मादीने त्याच भिंतीवर त्याच थंडीत एक जोडी घातली होती. मार्चमध्ये हिची अंडी आली ती ०.४० आणि ०.४१. टेक्सासमधल्या पट्टेरी पालींवर डायल आणि फिट्झपॅट्रिक या संशोधकांनी १९८१ साली हेच दाखवलं होतं: शेपटी गमावलेल्या माद्यांची अंडी हलकी भरतात. माझ्याकडे पाल एकच, तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. तरी तो आकडा उमटला तेव्हा मी काट्यासमोरून बराच वेळ उठले नाही.

काटा कमी कुठे पडतो? पिल्लांना. मेमध्ये एक पिल्लू निघालं, काटा कधी ०.१९ दाखवी, कधी ०.२१. दर आठवड्याला ते किती वाढतं हे बघायचं होतं, पण एवढ्याशा जिवात ०.०१चा फरक म्हणजे पाच टक्के, आणि वाढ त्यातच हरवते. त्यासाठी ०.००१चा काटा लागेल, आणि तो बराच महाग आहे. मोठ्या पालीसाठी, फुलपाखराच्या सुरवंटासाठी, शाळेतल्या बियांच्या प्रयोगासाठी हा पुरे.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या साठ सेकंदांसाठी कापला. विज्ञानाच्या शिक्षकांनी जरूर घ्यावा, मात्र दुकानातच खिशातलं २०११ ते २०१८ मधलं रुपयाचं नाणं ठेवून बघावं आणि झाकण खोल आहे ना ते तपासावं. माझी मादी काल सकाळी ४.११ भरली, गळा पुन्हा पांढरा झालाय.