कारण द्यायचंय: अ‍ॅज, सिन्स की बिकॉज?

'अ‍ॅज सून अ‍ॅज' आणि 'नो सूनर दॅन' घोकूनच आपण सगळे दहावी पास झालोय, त्यामुळे अ‍ॅजचे सगळे अर्थ इथं पहिल्यापासून उगाळत बसत नाही. मुद्दा एवढाच, की मेलमध्ये एखाद्या गोष्टीचं कारण द्यायचं असेल तर अ‍ॅज, सिन्स आणि बिकॉज यांतलं कुठलं घ्यायचं. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचा, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याचा, पत्रव्यवहार बघतो, म्हणून हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं निघू शकेल.

अ‍ॅज आपल्या हाताला सगळ्यात जास्त बसलाय, तो रजेच्या अर्जामुळे. 'अ‍ॅज आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीवर' लिहिलं की पुढचा अर्ज आपोआप उतरतो. तिथं तो शोभतोही. ताप आलाय आणि रजा पाहिजे, यात दुसरा अर्थ निघायला जागाच नाही. शिवाय अ‍ॅजने दिलेलं कारण वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असल्यासारखं वाटतं आणि भर पुढच्या भागावर पडतो. मोठ्या साहेबांना लिहिताना हे बरं पडतं.

गोची होते ती अ‍ॅज वेळही सांगतो म्हणून. एकदा आमच्या कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतून काढलेल्या भागाला, तडा गेल्याची तक्रार आली. इकडून जो रिपोर्ट गेला त्यात एक ओळ होती: 'अ‍ॅज द मोल्ड वॉज ओपन्ड, द कास्टिंग क्रॅक्ड.' लिहिणाऱ्या पोराला म्हणायचं होतं, की साचा उघडताना तडा गेला, का गेला ते शोधतोय. गिऱ्हाइकाने वाचलं, साचा उघडला म्हणून तडा गेला. ओतकामातल्या माणसाला यातला फरक सांगायला नको. कास्टिंग पुरेसं थंड व्हायच्या आत साचा फोडला तर ते तडकू शकतं, म्हणजे दोष सरळ आमच्या अंगावर. लगोलग डेबिट नोट आली, म्हणजे नुकसानीचे पैसे आमच्या नावावर टाकल्याचा कागद. त्यानंतर जे मेल झाले त्यांत धातूबद्दल, वाळूबद्दल फारसं काही नव्हतंच, त्या ओळीत आम्ही नेमकं काय कबूल केलं यावरच घोळ चालला. आणि खरा वैताग असा, की ती ओळ चुकलेली नव्हतीच. व्याकरणाने दोन्ही अर्थ बरोबर. समोरच्याला 'तुम्ही चुकीचं वाचलंत' म्हणायचीही सोय नाही.

सिन्सचं दुखणं साधारण हेच, जरा सौम्य. त्याचा 'तेव्हापासून' हा अर्थ जुना, कारणाचा अर्थ त्याला मागून चिकटला. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुराने पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता. तेव्हाच्या मेलसाठी हे वाक्य घ्या: 'सिन्स द हायवे वॉज क्लोज्ड, वी हॅव नॉट डिस्पॅच्ड एनी मटेरियल.' रस्ता बंद झाल्यापासून, की बंद असल्यामुळे? तेव्हा दोन्ही अर्थांनी माल गेटच्या आतच होता, म्हणून निभावलं असतं. पुढच्या भागात 'हॅव' आलं की सिन्स असा दोन दगडांवर पाय ठेवतो. 'सिन्स यू आर हिअर' सारख्या वाक्यात मात्र काही घोटाळा नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपद्धतीत सिन्स वेळेसाठीच राखून ठेवा आणि कारणाला बिकॉज वापरा असं सांगितलंय. आपण काही शोधनिबंध लिहीत नाही, पण सल्ला मला पटतो.

बिकॉजला एकच काम. 'व्हाय' विचारलं की उत्तर बिकॉजनेच सुरू होतं. 'इट इज बिकॉज' चालतं, त्याच जागी अ‍ॅज किंवा सिन्स घालून बघा, वाक्य उभंच राहत नाही. तो जरा रोखठोक आहे हे मान्य. वरिष्ठांना लिहिताना उलट उत्तर दिल्यासारखा वाटू शकतो. त्याची एक खोडही आहे, ती 'नॉट'च्या मागून आला की दिसते. 'वी डिड नॉट चेंज द पॅटर्न बिकॉज द कस्टमर आस्क्ड.' पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) बदललाच नाही, की बदलला पण गिऱ्हाईक म्हणालं म्हणून नव्हे? यावर उपाय सोपा आहे. बदललाच नाही असं म्हणायचं असेल तर बिकॉजचा तुकडा उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवायचा. बिकॉजने वाक्य सुरू करू नये असं शाळेत पुष्कळांना सांगितलेलं असतं, पण तसा नियम नाही. मागून मुख्य वाक्य आलं म्हणजे झालं. अ‍ॅजच्या बाबतीत जागा बदलून असा हमखास गुण येत नाही, पुढे ठेवा नाहीतर मागे.

म्हणून जिथं कुणाचा दोष हे ठरायचं असतं, रिजेक्शनचा रिपोर्ट, उशिराचा खुलासा, पैशाची मागणी, तिथं माझा कल बिकॉजकडे. नुसती वेळ सांगायची असेल तर व्हेन किंवा व्हाइल. व्हाइललाही 'जरी'चा एक अर्थ आहे म्हणा, पण त्याच्यापायी आम्हाला अजून डेबिट नोट आलेली नाही.