200 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिथियम बॅटरी म्हणून थर्माकोल विकला, 87,850 रुपये गेले. ट्रेलर, व्हॅन करणाऱ्यांनी वाचा

लिहू की नको करत पंधरा दिवस घालवले, कारण लाज वाटते. बेळगावच्या उद्यमबागेत 14 वर्षं मोटर वायंडिंग करतोय, लोक मला विचारून वायर घेतात, आणि मीच बॅटरीत फसलो.

जुना बंद डब्याचा मालवाहू ट्रेलर घेतला होता. आतनं उष्णता अडवणारा पफचा फोम मारला, प्लायचा बेड केला, बोलेरोला जोडून आईला कोकणात न्यायचं एवढंच डोक्यात. तिचं वय 71, मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात झोपवायचं तर एसी पाहिजेच, आणि जनरेटरचा आवाज तिला सोसत नाही. म्हणून 12 व्होल्टवर चालणारा छतावरचा एसी आणि लिथियम बॅटरी. हौस नव्हती, गरज होती.

ऑनलाइन जाहिरात बघून फोन केला. "बेळगावचे का? मग तुम्हाला वेगळा रेट, सीमाभागातल्या माणसाकडनं काय कमवायचं" म्हणाला आणि 48,000 ची बॅटरी 46,500 ला केली. दिवसभर ऑफिसात, बँकेत कानडीत बोलून आलेल्या माणसाशी कुणी एवढं आपुलकीनं मराठीत बोललं की तो विरघळतो, मी पण विरघळलो. एसीचे 39,000. आधी 20,000 युपीआयनं, मग 65,500 आयएमपीएसनं, ट्रान्सपोर्टचे 2,350 वेगळे. बिलावर कंपनीचं नाव आणि खातं मात्र कुणा माणसाचं सेव्हिंग. विचारलं तर "करंट अकाउंटला प्रॉब्लेम आहे सर". तिथंच थांबायला पाहिजे होतं. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर फुकटात तपासता येतो, मी तपासला पण कधी, पैसे गेल्यावर. नंबर रद्द झालेला.

आणि ती वेळ मला रात्री झोपू देत नाही. पार्सल आलं, पुतण्यानं बॅटरी एका हातानं उचलून ट्रेलरमध्ये ठेवली आणि म्हणाला, "काका, लई हलकी हाय की हो." मी काय म्हणालो, तर "लिथियम हलकीच असते रे." असते हलकी, पण किती? 200 एएचची खरी बॅटरी 20 किलोच्या पुढं भरते. घरात वजनकाटा होता, ठेवून बघितली नाही! नंतर ठेवली तर 9 किलो.

विकत घ्यायच्या आधी त्यानं व्हिडिओ पाठवला होता, मल्टिमीटरवर 13.3 व्होल्ट. त्यावर जाऊ नका. या लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास तसाच राहतो, त्यावरनं आत किती माल आहे ते कळतच नाही. लोड लावून वॉट-मीटरवर पूर्ण उतरवून बघा, तोवर सगळे पैसे देऊ नका.

आंबोली घाटानं वेंगुर्ल्याला गेलो. एसी 50 अँपिअर ओढतो, म्हणजे 200 एएचवर चार तास तरी चालायला पाहिजे, तो पाऊण तासात बंद. वास आला म्हणून बघितलं तर त्यानं बॅटरीसोबत दिलेल्या 6 चौरस एमएमच्या वायरला हात लावला की चटका. एवढ्या करंटला 16 च्या खाली वायर वापरायचीच नाही आणि बॅटरीजवळ फ्यूज पाहिजेच, मला हे कळायला पाहिजे होतं, पण "सगळं मॅच करून दिलंय सर" यावर विसंबलो. आई आत झोपली होती. पेट घेतला असता तर?

घरी येऊन बॉक्स फोडला. आत 40 गोल सेल, जुने, एकावरचं लेबल खरवडून काढलेलं, बाकी सगळा थर्माकोल. 12 व्होल्टसाठी चार-चार सेल एकामागं एक जोडतात, म्हणजे दहाच ओळी, नवे असते तरी प्रत्येकी 6 एएच धरून 60 एएच होतात. मी लोड लावून मोजलं तर 44 एएच. फोन केला, ब्लॉक.

मग पोलीस स्टेशन. "विकणारा महाराष्ट्रातला, तिकडं जा." तिकडं गेलो तर "पैसे कर्नाटकातनं गेले, तिकडं द्या." कानडी मला बोलायला येतं, लिहायला येत नाही, अर्ज लिहून घ्यायला 300 रुपये दिले आणि तो अर्ज टेबलावरनं परत माझ्याच हातात. दोन्हीकडं दोन-दोन हेलपाटे, चार दिवसांचा रोज बुडाला. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173 आहे, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायला लागतो, हे मला कुणी सांगितलं नाही, मी वाचून गेलो तर साहेब म्हणाले "आम्हाला शिकवू नका". बँक म्हणते तुम्हीच स्वतः पाठवले, आम्ही काय करणार. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावला तर महिना होत आलेला, पैसे कधीच पुढं गेलेले. तुम्ही त्याच तासाला 1930 लावा, सेलर फोन उचलेल म्हणून वाट बघू नका.

आता आपण राहतो त्या जिल्ह्यातल्याच ग्राहक आयोगात टाकणार आहे, 5 लाखापर्यंत फी नाही. वकील म्हणाले, बॉक्स फोडताना व्हिडिओ केला असता तर केस पक्की होती. केला नाही, रागात फोडला. ते 40 सेल आणि थर्माकोल परत बॉक्समध्ये भरून टेप मारून कपाटात ठेवलेत. ट्रेलरच्या छताला एसीसाठी पाडलेल्या 14 इंची भोकावर ताडपत्री बांधलीय, पाऊस तोंडावर आलाय.